चौथीतली पाच मुलं अजून अक्षरांवर अडली आहेत. गट पाडू का? आणि प्रगती मोजू कशी?

तांड्यावरची_बाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या बाजूला एका बंजारा तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, आम्ही दोघं शिक्षक, ४१ मुलं.

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात चौथीच्या १३ मुलांना एकेक करून जवळ बसवलं आणि वाचून घेतलं. चौघं गोष्ट सरळ वाचतात. चौघं परिच्छेदापर्यंत येतात. उरलेल्या पाचांपैकी तिघांना सुटी अक्षरं ओळखता येतात, पण "कप", "घर" असे शब्द जुळत नाहीत. दोघं बिनकान्यामात्रेचे शब्द वाचतात, वेलांटी आली की थांबतात. यातली दोन मुलं दिवसभर शाळेत अगदी चुणचुणीत असतात, तोंडी गणितं पटापट सोडवतात.

माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत. गट पाडले तर या मुलांवर शिक्का बसेल अशी भीती वाटते. नाही पाडले तर मी चौथीचा धडा शिकवत राहते आणि ही पाच मुलं पुस्तकातली चित्रं बघत बसतात. दुसरा प्रश्न मोजण्याचा. पायाभूत चाचणी, संकलित चाचणी, महिन्याची माहिती, सगळे रकाने मी भरते. पण ते भरून झाल्यावर उद्या सकाळी या पाचांना नेमकं काय शिकवायचं, ते मला त्यातून कळत नाही.

कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. चौथी संपली की ही मुलं पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जातील. माझ्या हातात एवढंच वर्ष आहे.

खडूफळा

बाई, प्रश्न अगदी नेमका विचारलात. मी सातारा जिल्ह्यात ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो, सध्या कराडला असतो.

गट जरूर पाडा, पण चौथीपुरते पाडू नका. चौथीतल्या पाचांनाच वेगळं बसवलंत तर शिक्का बसणारच. सगळी शाळा एक तासासाठी स्तरानुसार बसवा. तुमच्याकडे दुसरीतलं एखादं मूल गोष्ट वाचत असेल, ते चौथीच्या मुलांबरोबर बसेल. तिसरीतली काही शब्दांवर असतील, ती या पाचांबरोबर बसतील. परिपाठ झाला की लगेच हा तास ठेवा. अक्षर-शब्दांचा गट एका शिक्षकाकडे, परिच्छेद-गोष्टीचा दुसऱ्याकडे. तास संपला की प्रत्येकजण आपापल्या वर्गात.

आणखी एक. अक्षर-शब्दांचा गट दोघांपैकी जो अनुभवी असेल त्याने घ्यावा. आपल्याकडे नेमकं उलट होतं. पुढची मुलं मुख्याध्यापक घेतात आणि मागची नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडतात.

रोखठोक

खडूफळा सर, तुमचा अनुभव मोठा आहे, तरी मी विरोध नोंदवतो. मी स्वतः 'क' तुकडीतला. पाचवीला गुणांवरून अ, ब, क अशा तुकड्या पाडल्या आणि दहावीपर्यंत मी 'क'मध्येच राहिलो. सातवीत मला गणित चांगलं यायला लागलं होतं, पण तुकडी कुणी बदलली नाही. 'क'ला येणारे शिक्षकही "तुम्हाला काय करायचंय अवघड गणितं" म्हणून सोपी तेवढी सोडवून घ्यायचे. आज चाळिशी ओलांडली तरी कुणी "कुठली तुकडी" विचारलं की पोटात कालवतं.

नाव गट ठेवा नाहीतर स्तर, मुलाला बरोबर समजतं.

पाटीपेन्सिल

+१. आमच्याकडे तर गटांना फुलांची नावं दिली होती. आठवडाभरात "झेंडू" ही शिवी झाली.

शब्दवेल्हाळ

थोडं अवांतर, पण शिक्क्याचा विषय निघालाच आहे. न येणाऱ्या मुलाला आपण "ढ" म्हणतो. त्यामागचं कारण असं सांगतात की अशोकाच्या काळातल्या ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत सगळी अक्षरं बदलत गेली, 'ढ' मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ढ. शब्दाची व्युत्पत्ती खरी असो वा नसो, शिलालेखातला ढ ओळखता येतो हे खरं आहे. आणि रोखठोक यांच्या बाबतीत पाहिलं तर ते पुढे सरकत होते, त्यांची तुकडी ढ होती.

रोखठोक

शब्दवेल्हाळ, हे वाचून खरंच बरं वाटलं. धन्यवाद.

वस्तीतली_ताई

धागा वाचून जुने दिवस आठवले. मी मुंबईत वस्तीतल्या पालिकेच्या शाळेत बालसखी होते. 'प्रथम' संस्था १९९५ साली मुंबईत सुरू झाली, तिचा हा उपक्रम. आम्ही बहुतेकजणी त्याच वस्तीतल्या, दहावी-बारावी झालेल्या मुली. महिन्याला पाचशे-सातशे रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागे राहिलेली १५-२० मुलं रोज दोन तास आमच्याकडे यायची. वर्गखोली मिळाली तर खोलीत, नाही तर जिन्याखाली किंवा व्हरांड्यात.

पुढे कळलं की २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात या कामाचा अभ्यास झाला होता. त्यात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बालसखीकडे जाणाऱ्या मुलांची प्रगती झाली, सगळ्यात मागे असलेल्यांची सगळ्यात जास्त. पण आमच्याकडे मुलं आल्यामुळे मूळ वर्गातली गर्दी कमी झाली होती, तरी तिथे उरलेल्या मुलांना त्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे नुसती पटसंख्या घटून भागत नाही. मूल जिथे आहे तिथून शिकवायला लागतं.

रोखठोक यांना सांगते, तुमची 'क' तुकडी आणि आमचा गट यात एक मोठा फरक होता. आमच्याकडचं मूल शब्द वाचायला लागलं की त्याच आठवड्यात पुढच्या गटात बसायचं. वर्षाच्या शेवटी माझ्याकडे जून महिन्यातलं तेच मूल बसलेलं असेल तर ते माझं अपयश, असं मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. बाई, तुम्ही वाचून घेतलंत ती पद्धतही त्याच घरातली. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. २००५ पासून 'असर'च्या पाहणीत गावोगावी हेच वाचून घेतात. एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात.

मिनेसोटाकर

मी शिक्षक नाही, पालक आहे. अमेरिकेत शाळेतली हीच पद्धत घरी बसून जवळून बघतो आहे, म्हणून लिहितो.

माझा मुलगा पहिलीत वाचनात मागे पडला. इथे सगळ्याच मुलांची वर्षातून तीनदा छोटी चाचणी होते, शाळा सुरू होताना, हिवाळ्यात आणि वसंतात. त्यात तो खाली आला. शाळेने सांगितलं की तीन पायऱ्या असतात. पहिली सगळ्या वर्गासाठी, म्हणजे रोजचं शिकवणंच नीट हवं. त्यावर साधारण ८० टक्के मुलं तरून जावीत अशी अपेक्षा. दुसऱ्या पायरीवर चार-पाच मुलांचा गट, रोज अर्धा तास जास्तीचा. साधारण १५ टक्के मुलांना हे लागतं. राहिलेल्या पाचेक टक्क्यांना तिसरी पायरी, एकेकट्याला किंवा दोघातिघांना, आणखी वेळ देऊन.

यातलं मला सगळ्यात पटलेलं म्हणजे मोजणं. त्याच्या शिक्षिका दर आठवड्याला त्याला एक नवा उतारा द्यायच्या आणि एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजायच्या. बस्स, एक मिनिट. ही कल्पना १९७० च्या दशकाच्या शेवटी आमच्याच मिनेसोटा विद्यापीठात स्टॅन्ली डेनो यांनी मांडली. मूळ उद्देश असा की शिक्षकाला झटपट कळावं, माझं शिकवणं लागू पडतंय की नाही. मुलाला गुण देण्यासाठी ती नव्हतीच.

तांड्यावरची_बाई

मिनेसोटाकर दादा, इथेच माझं अडतं. मोजलं, आकडे आले. समजा १४, १५, १४, १७. आता यावरून मी काय ठरवायचं? चांगलं चाललंय की नाही?

वस्तीतली ताई, "तेच मूल बसलेलं असेल तर माझं अपयश" हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

मिनेसोटाकर

शिक्षिकेने मला कागदावर काढून दाखवलं होतं, तसंच सांगतो.

सुरुवातीला तीन उतारे द्यायचे. समजा मुलाने ११, १८ आणि १४ शब्द वाचले. मधला आकडा घ्यायचा, १४. सरासरी काढत बसायचं नाही, कारण एखादा उतारा अवघड निघाला तर सरासरी घसरते. आता १२ आठवड्यांनी कुठे पोचायला हवं ते ठरवायचं, समजा ४५. चौकटीच्या कागदावर १४ चा ठिपका आणि १२ व्या आठवड्यावर ४५ चा ठिपका, दोघांना जोडणारी सरळ रेघ. म्हणजे आठवड्याला अडीच शब्दांच्या आसपास वाढ हवी.

मग दर आठवड्याला ठिपका द्यायचा. एखादा खाली गेला तर काही बिघडत नाही, मूल त्या दिवशी आजारी असेल, घरी भांडण झालं असेल. पण लागोपाठ चार ठिपके रेघेच्या खाली पडले की थांबायचं आणि शिकवण्यात बदल करायचा. चारही वर पडले तर लक्ष्य वाढवायचं. तुमचे १४, १५, १४, १७ हे पहिल्या चार आठवड्यांचे असतील तर रेघ तोवर २४ पर्यंत पोचलेली असते, चारही खाली आहेत. बदल करायची वेळ झाली.

बदल म्हणजे गटातली मुलं कमी करणं, वेळ वाढवणं किंवा पद्धतच बदलणं. आमच्याकडे दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्यांनी गोष्टीची पुस्तकं बाजूला ठेवून आठ आठवडे फक्त ध्वनी वेगळे करण्याचा सराव घेतला. ठिपके त्यानंतर वर चढले. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

शब्दवेल्हाळ

इथे एक काळजी घ्यायला हवी. इंग्रजीचे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. "घरासमोरच्या झाडाखालून" हे आपले दोन शब्द, इंग्रजीत त्याचे आठ-नऊ होतील. एका उताऱ्यात असे लांब शब्द जास्त असले तर मूल हळू वाचतंय असं उगीच दिसेल.

उतारे सारख्या वजनाचे हवेत. तितकेच शब्द, तितकीच जोडाक्षरं, वाक्यं साधारण तेवढीच लांब. पाठ्यपुस्तकातला धडा चालणार नाही, कारण तो मुलांना ऐकून पाठ असतो.

आठवणीतला_वर्ग

शब्दवेल्हाळ यांच्याशी सहमत. आपल्यासाठी 'निपुण भारत'चे आकडे आहेत की. ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारचं हे अभियान सुरू झालं. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून, तिसरीच्या अखेरीस किमान ६०. चौथीच्या मागे पडलेल्या मुलासाठी ४५ हा पहिला टप्पा धरायला हरकत नाही. फक्त "अर्थ समजून" हे दोन शब्द विसरू नका. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, एक मूल ७० शब्द घडाघडा वाचायचं आणि "गोष्टीत कोण कोण होतं?" विचारलं की गप्प. मिनिट संपलं की दोन साधे प्रश्न विचाराच.

खडूफळा

उताऱ्यांसाठी एक युक्ती. केंद्रातले पाच-सहा शिक्षक मिळून प्रत्येकी दोन उतारे लिहा. विषय मुलांच्या ओळखीचे, बैलपोळा, विहीर, बाजार. एकट्याने १२ उतारे लिहायला बसाल तर दमून जाल.

आणि मोजताना नुसता आकडा लिहू नका. मूल कुठे अडलं ते शब्द टिपून ठेवा. शब्द मोजून मला मूल किती मागे आहे ते कळायचं, चुका बघून उद्या काय शिकवायचं ते कळायचं. माझ्या वहीत डाव्या पानावर ठिपके आणि उजव्या पानावर चुकलेले शब्द असायचे. एका मुलाच्या उजव्या पानावर सूर्य, गर्व, प्रकाश, ट्रक, दुसऱ्या असे शब्द सापडले. सगळी 'र'ची जोडाक्षरं. 'र' आपल्याकडे डोक्यावर रफार होऊन बसतो, पोटात तिरकी रेघ होतो, ट-ड च्या पायाशी वेगळा दिसतो आणि 'ऱ्य'मध्ये आणखी वेगळा. मुलाला हे एकच अक्षर आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोन आठवडे फक्त 'र' घेतला. त्याच्या वाचनाला जी गती आली ती पाहून त्याचा बाप शाळेत पेढे घेऊन आला. पेढे मुलांनी खाल्ले, मला एकच मिळाला.

चिंचोका

गणितालाही हेच लागू आहे. मुलाने ६९ ऐवजी ७९ लिहिलं म्हणून आपण "संख्याज्ञान कच्चं" लिहून मोकळे होतो. ते मूल "एकोणसत्तर" ऐकतं, कानावर "सत्तर" पडतं आणि ७ लिहितं. चूक आपल्या संख्यानामांच्या रचनेतली आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक", "तीस दोन" असं वाचन सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, जोडीला सोपी वाट दिली आहे. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

हातच्याच्या वजाबाकीत अडलेल्या मुलाला आणखी वजाबाक्या देऊन काही होत नाही. दहा काड्यांचा गठ्ठा त्याच्या हाताने सोडवून घ्या. ५२ मधून २७ काढताना गठ्ठा सोडला की त्याला डोळ्यांनी दिसतं. माझ्या वर्गात याला चिंचोके वापरतो. दहा चिंचोक्यांची पुरचुंडी.

पाटीपेन्सिल

आणि मुलं चिंचोके भाजून खातात. दर आठवड्याला साठा भरावा लागतो. :)

विशेष_शिक्षिका

मी उशिरा येते आहे. वर सगळ्यांनी छान लिहिलं आहे, दोन गोष्टी राहिल्या आहेत.

पहिली, गट पाडण्याच्या आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना या पाचही मुलांची नावं मुद्दाम द्या. बाई, चुकांच्या पानावर एक गोष्ट खास शोधा. कुणी क-ख, ट-ठ, द-ध यात सतत गोंधळतंय का? महाप्राण, म्हणजे ख, ठ, ध यांतला 'ह'सारखा श्वास, ऐकूच येत नसेल तर आधी कान तपासायचा.

दुसरी, चांगलं शिकवूनही ज्याचे ठिपके हलत नाहीत त्या मुलाला नुसतं गटात ठेवून वाट पाहू नका. अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे. डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतूनही होते. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेला 'डाली' नावाचा संच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. पूर्वी इंग्रजी चाचण्या लावून मराठी माध्यमाच्या मुलांचं काय काय व्हायचं ते मी पाहिलं आहे. मूल मराठीत अडतंय की इंग्रजी येत नाही म्हणून अडतंय, हेच कळायचं नाही.

आणि तांड्यावरचं मूल घरी गोरबोली बोलतं. ते आईला याडी म्हणतं आणि पुस्तकात आधी 'आ' आईचा येतो. त्याची अडचण अक्षमतेत मोजण्यापूर्वी हे लक्षात घ्यायला हवं. ओळखीच्या शब्दांनी सुरुवात करा.

रोखठोक

मी गेले काही दिवस या विषयावर वाचत होतो. अमेरिकेतल्या पायऱ्यांबद्दल २०१५ मध्ये एक मोठा सरकारी अभ्यास आला होता, १३ राज्यांतल्या १४६ शाळांचा. पहिलीतली जी मुलं कटऑफच्या जरा खाली होती आणि त्यामुळे जास्तीच्या गटात गेली, ती जरा वर असलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत. उलट थोडी मागेच पडली. मिनेसोटाकर, यावर काय म्हणाल?

मिनेसोटाकर

हो, तो अभ्यास खरा आहे आणि आमच्या पालक गटात त्यावर बरंच बोलणं झालं होतं. दुसरी-तिसरीत तर ठळक परिणाम दिसला नाही, ना चांगला ना वाईट. पण तो अभ्यास काठावरच्या मुलांचा होता, फार मागे असलेल्यांचा नव्हता. शिवाय बऱ्याच शाळांत जास्तीचा गट रोजच्या वाचनाच्या तासातच घ्यायचे. म्हणजे मुलाला जास्तीचं काही मिळालंच नाही, एकाच्या बदल्यात दुसरं मिळालं.

तुमच्या भीतीत तथ्य आहे हे मी मान्य करतो. इथे दुसराही दोष होता. काही शाळा "अजून दुसऱ्या पायरीवर बघू" म्हणत वर्षं काढायच्या आणि अपंगत्वाची तपासणी लांबवायच्या. शेवटी २०११ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याला लेखी कळवावं लागलं की पायऱ्यांच्या नावाखाली तपासणी अडवता येणार नाही. विशेष शिक्षिका ताई वर हेच सांगत आहेत.

रोखठोक

ठीक. मग माझं म्हणणं बदलून लिहितो. गट असावेत, पण गटातून बाहेर पडायची तारीख आधी ठरलेली असावी. माझ्या तुकडीला ती तारीख नव्हती.

गोदाकाठ

बीड जिल्ह्यातून लिहितो. वाचताना सारखं वाटत होतं की आमच्याकडे १२ आठवड्यांची रेघ पुरी होतच नाही. दिवाळी झाली की निम्मा वर्ग ऊसतोडीला. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची कोप्यांवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्यांत. मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा पुन्हा अक्षरांवर आलेली असतात. सरकारचं शिक्षण हमी कार्ड असतं, त्यात नाव, इयत्ता असते. पण मूल काय वाचतं हे कुठे असतं? मी आता कार्डाच्या मागे हाताने लिहून देतो: "शब्द वाचतो, वेलांटीत अडतो, ३१ पर्यंत मोजतो." तिकडच्या दोन शिक्षकांनी ते वाचून फोन केला. दोनच केले, पण त्या दोन मुलांचं वर्ष वाया गेलं नाही.

आठवणीतला_वर्ग

गोदाकाठ, कार्डाच्या मागे लिहिण्याची कल्पना मी उद्यापासून उचलतो आहे.

तांड्यावरची_बाई

मंडळी, धागा खाली गेला होता, वर काढते आहे. दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर आली आहे. बरोब्बर दहा आठवडे झाले, हिशोब द्यायला हवा.

खडूफळा सरांनी सांगितल्याप्रमाणे परिपाठानंतर एक तास सगळी शाळा स्तरानुसार बसते. खालचा गट मी घेतला. माझे सहकारी सर पहिल्या आठवड्यात नाखूश होते, आता तेच मला उतारे लिहून देतात. मधले सहा दिवस मतदार यादीच्या कामात गेले, ते दिवस कागदावर रिकामे आहेत. दर शुक्रवारी मी मिनिट मोजते. ठिपका मूल स्वतः देतं, कागद त्याच्या दप्तरात असतो, भिंतीवर नाही. हे मुलांनीच मागितलं.

पाचांपैकी दोघं आता परिच्छेद वाचतात आणि दुसऱ्या सरांच्या गटात गेली. एक मुलगी शब्दांवरून छोट्या वाक्यांवर आली. तिचे चार ठिपके सलग खाली पडले तेव्हा मी बाराखडी थांबवली आणि तिच्याच बोलीतले शब्द देवनागरीत लिहायला दिले. याडी, तिच्या भावंडांची नावं, तिच्या शेळ्यांची नावं. तिला कान्यावर काना, वेलांटीवर वेलांटी आपोआप कळत गेली. मग मराठी शब्द घेतले.

चौथा मुलगा, ज्याचे ठिपके अजिबात हलत नव्हते, त्याच्या चुकांच्या पानावर ठ, थ, ध, भ एवढंच भरलेलं होतं. विशेष शिक्षिका ताईंचं लिहिलेलं आठवलं. आरोग्य पथकाने तपासलं, दोन्ही कान वाहतात, बहुधा बरीच वर्षं. मी त्याला तीन वर्षं "लक्ष देत नाही" म्हणून रागावत होते. त्याला माझं निम्मं बोलणं ऐकूच येत नव्हतं. हे लिहिताना मला फार वाईट वाटतं आहे. शुक्रवारी त्याला आणि त्याच्या आईला घेऊन पुसदला रुग्णालयात जाते आहे. त्याला आता पहिल्या बाकावर माझ्या तोंडासमोर बसवलं आहे.

पाचवा मुलगा १४ वरून २३ शब्दांवर आला. रेघेच्या खालीच आहे, पण चढतो आहे. तो परवा आईबापाबरोबर ऊसतोडीला निघेल. कराडच्या बाजूला जातात. गोदाकाठ दादा, कार्डाच्या मागे लिहिलं आहे, शिवाय न वाचलेले सहा उतारे आणि त्याचा ठिपक्यांचा कागद एका पाकिटात घालून दप्तरात ठेवला आहे. पण तिकडे कोण बघेल माहीत नाही.

वस्तीतली_ताई

बाई, तो कानाचा मुलगा तुम्हाला सापडला. इतरांना पाच-पाच वर्षं सापडत नाही. स्वतःला दोष देऊ नका.

विशेष_शिक्षिका

रुग्णालयात ऐकण्याची चाचणी लिहून मागा, नुसतं कानात घालायचं औषध घेऊन परत येऊ नका. काय झालं ते इथे नक्की कळवा.

खडूफळा

बाई, कराडच्या बाजूला म्हणजे माझ्या दारातच. कारखान्याचं आणि गावाचं नाव त्याच्या आईबापांना विचारून मला खाजगी निरोपात पाठवा. टोळी उतरली की मी कोपीवर जाऊन येतो आणि जवळच्या शाळेत त्याला घेऊन जातो. शुक्रवारचं मिनिटही मी मोजेन. निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे.

तांड्यावरची_बाई

सर, काय बोलू. निरोप पाठवला आहे. 'र'ची जोडाक्षरं अजून घेतलेली नाहीत, तिथून सुरू करा. आणि तो लाजतो, पहिल्या दिवशी वाचायला लावू नका. आधी त्याला शेळ्यांबद्दल विचारा.